वरच्या पट्टीतली जागा



आजचे मनन मोबाईलच्या पडद्यावर सगळ्यात वर असणाऱ्या पट्टीबद्दल आहे. हसू नका. गेले काही महिने आम्हा चौघा स्वयंसेवकांच्या संध्याकाळी त्या पट्टीनेच खाल्ल्या आहेत, आणि प्रार्थनेच्या वेळीही ती अधूनमधून डोळ्यांपुढे येत होती.

कोणतेही ॲप उघडा, वर एक रंगीत पट्टी दिसते. डावीकडे मागे जायचा बाण, मधे पानाचे नाव, उजवीकडे दोन-तीन चिन्हे. ॲप बनवणारे तिला टूलबार म्हणतात. 2014 साली आलेल्या अँड्रॉइडच्या पाचव्या आवृत्तीपासून ही पट्टी आपल्या मनाप्रमाणे रचणे पुष्कळ सोपे झाले. मन लावून रचलेली पट्टी एका फोनवर देखणी दिसते आणि दुसऱ्या फोनवर विस्कटते, ही तक्रारही तेव्हापासून चालूच आहे.

आमचे ॲप छोटेसेच आहे. रोजची वाचने, मिस्साच्या प्रार्थना, जपमाळ आणि गायने, एवढेच त्यात आहे. ते बनवले एका तरुणाने, जो आता नोकरीसाठी परदेशी असतो. त्याने प्रेमाने केलेले काम पुढे चालवायला आमच्या हाती आले. आमच्यातला एक जण पोटापाण्यासाठी हेच काम करतो. बाकीच्या तिघांना यातले कळते ते त्याने समजावले तेवढेच. म्हणूनच हे सगळ्यांना समजेल असे लिहिता येईल, असे वाटते.

आता या ॲपचे आमच्या भागात एवढे महत्त्व का, ते सांगायला हवे. बार्देश, तिसवाडी, सासष्टी या जुन्या काबिजादींत कोकणी प्रार्थना रोमी लिपीत वाचायची सवय पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. पेडणे आणि डिचोली हे तालुके पोर्तुगिजांच्या हाती आले ते अठराव्या शतकाच्या शेवटी शेवटी. इकडे अक्षरओळख झाली ती बहुतेक मराठीतून. 1961 च्या मुक्तीनंतर गावोगाव सरकारी मराठी शाळा निघाल्या आणि आज साठीच्या घरात असलेली माणसे त्याच शाळांतून शिकली. त्यात सावंतवाडी, दोडामार्ग, बेळगावकडून लग्न होऊन किंवा कामानिमित्त आलेली ख्रिस्ती कुटुंबे आहेत. आजी देवनागरी वाचते, नात इंग्रजी शाळेत जाते म्हणून तिला रोमी सोपी जाते, आणि दोघी कपेलात एकाच बाकावर बसतात. लिपीवरून गोव्यात झालेले वाद इथे उगाळायचे नाहीत. बाकावरची अडचण मात्र खरी आहे. म्हणून आमच्या पट्टीत उजव्या टोकाला एक बटण आहे. त्यावर बोट ठेवले की तेच गायन रोमीतून देवनागरीत येते, पुन्हा ठेवले की परत रोमीत जाते.

तक्रार आली ती याच बटणाची. पेडण्याच्या अलीकडच्या एका वाड्यावरच्या आजींनी घरभेटीत विचारले, "बाबा, ते अक्षर बदलायचं बटण कुठे गेलं रे? नाताळात होतं, आता नाही." आम्ही आमचे फोन काढून पाहिले, बटण जागेवर होते. त्यांच्या फोनवर खरेच नव्हते. डिचोलीहून एका बाईंनीही तसेच कळवले, पण त्यांचे म्हणणे असे की बटण काही रविवारी दिसते आणि काही रविवारी गायब होते. बिघाडाने चर्चचे कॅलेंडर पाळावे, हे काही आमच्या ऐकण्यात नव्हते.

उत्तर कॅलेंडरातच होते. नाताळच्या दिवशी पट्टीवर एकच छोटा शब्द असतो, 'नाताळ'. ऑक्टोबर आला की तिथे 'सामान्यकाळातील अठ्ठाविसावा रविवार' असते. दोन्ही घरांत फोनची अक्षरे मोठी करून ठेवलेली होती. लांब नाव आणि मोठे अक्षर एकत्र आले की बटण नाहीसे होत होते.

हे घडते कसे, ते पाहा. पडद्यावरची लांबी-रुंदी मोजायला डीपी नावाचे माप वापरतात. साधारण 160 डीपी म्हणजे एक इंच. पुष्कळ फोनांचा पडदा 360 डीपी रुंद असतो. बोटाने नीट दाबता यावे म्हणून प्रत्येक चिन्हाला किमान 48 डीपी जागा द्यावी, असे अँड्रॉइडचे मार्गदर्शन सांगते. बाण एक आणि चिन्हे तीन, म्हणजे 192 डीपी गेले. डावीकडे आणखी 16 डीपीची मोकळी जागा पट्टी स्वतःच धरून ठेवते, तिच्याकडे पुढे येऊ. नावासाठी उरतात 152. त्यातच एखाद्याने फोनमध्ये अक्षराबरोबर डिस्प्ले साईझही वाढवला असेल, तर 360 चे 320 किंवा त्याहूनही कमी होतात.

आमच्या पट्टीत या वस्तू ओळीने मांडल्या होत्या. अशी ओळ मांडणारा संगणक डावीकडून सुरुवात करतो आणि एकेकाला विचारतो, तुला किती जागा हवी? बाण म्हणतो 48. मग नावाची पाळी. त्याला आधीपासून सांगून ठेवलेले असते की तुझ्या मजकुराला लागेल तेवढी घे. 'नाताळ' थोडी घेते. 'सामान्यकाळातील अठ्ठाविसावा रविवार' उरलेली सगळी घेते. त्यानंतरची चिन्हे मोडत नाहीत किंवा पुसलीही जात नाहीत. ती ओळीत आपापल्या क्रमाने उभी राहतात, फक्त पडद्याच्या कडेच्या बाहेर. अँड्रॉइडच्या तयार मेनूत जागा नसली की चिन्हे तीन ठिपक्यांच्या मागे जातात, तिथून ती शोधता तरी येतात. स्वतः रचलेल्या पट्टीला ती सोय नसते.

हे समजले तेव्हा आम्ही थोडा वेळ गप्पच होतो. आजींचे बटण सबंध वेळ तिथेच होते, पडद्याच्या भिंतीपलीकडे. आणि ते बाहेर गेले होते नेमके त्यांच्यासाठी, ज्यांना धड दिसत नाही म्हणून ज्यांनी अक्षर मोठे केले. तरुण डोळ्यांच्या फोनवर सगळे व्यवस्थित होते.

यावर पाच मिनिटांचा एक उपाय आहे आणि पुष्कळ ठिकाणी तो केला जातो. अक्षराचे माप दोन प्रकारे देता येते. एसपी या मापात दिले तर फोनच्या मालकाने अक्षर वाढवले की ते वाढते. डीपीत दिले तर मालकाने काहीही केले तरी ते आहे तेवढेच राहते. पट्टीवरचे नाव डीपीत टाका, पट्टी पुन्हा कधी विस्कटणार नाही. दुसराही एक उपाय आहे, नाव मावेपर्यंत आपोआप बारीक होत जावे अशी सोय. आमच्यात यावर बरीच चर्चा झाली. एक जण म्हणाला, नाव काय, ते कोण वाचतो, बटण दिसल्याशी कारण. हे अगदीच चूक नव्हते. पण आजींनी फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन, बहुधा नातवाला बसवून, अक्षर मोठे करून घेतले होते. ती त्यांनी केलेली मागणीच होती. तिच्या पाठीमागून अक्षर लहान करून ठेवायचे आणि पट्टी छान दिसते म्हणून समाधान मानायचे, हे आम्हाला पटले नाही. यशया संदेष्टा चौपन्नाव्या अध्यायात तंबूची जागा वाढवायला, दोऱ्या लांब करायला सांगतो. आतल्यांनी पाय आखडून घ्यावेत, असे तो कुठे म्हणत नाही.

मग खरा उपाय. ओळीतल्या एखाद्या वस्तूची रुंदी शून्य लिहायची आणि तिला 'वेट', म्हणजे वजन, 1 द्यायचे. असे केले की संगणक आधी बाकीच्या सगळ्यांना विचारतो, त्यांना हवी ती जागा देतो आणि शेवटी जे उरेल ते या शून्यवाल्याला देतो. आम्ही नावाला शून्य दिले. आता 48-48 ची जागा घेऊन चिन्हे आधी बसतात आणि नाव उरलेल्या जागेत. लूकच्या चौदाव्या अध्यायात प्रभू मेजवानीतल्या आसनांविषयी बोलतो, ते आठवते ना? पट्टीवर सगळ्यात ठळक, सगळ्यात मोठे असते ते नाव. मापाच्या वेळी त्यानेच शेवटी बसायचे.

एवढ्याने काम झाले असते तर हे मनन इथेच थांबले असते. 152 डीपीत मोठ्या अक्षरातला 'सामान्यकाळातील' हा एक शब्दसुद्धा बसत नाही. एका ओळीत कापले तर शेवटी तीन ठिपके येतात आणि कितवा रविवार तेच कळत नाही. सामान्यकाळातले सगळे रविवार सारखेच दिसू लागतात. फोनवर अक्षराचे प्रमाण किती ठेवले आहे, ते ॲपला वाचता येते. नेहमीचे प्रमाण 1 असते आणि अँड्रॉइड 14 पासून ते 2 पर्यंत, म्हणजे दुप्पट करता येते. आम्ही ठरवले की 1.3 च्या पुढे प्रमाण असेल तर पट्टी दुमजली करायची. वर बाण आणि चिन्हे, खाली पूर्ण रुंदीभर नाव. त्याला दोन ओळी लागल्या तर दोन घेऊ द्यायच्या. शोधाचे चिन्ह तीन ठिपक्यांमागे गेले, कारण त्याचा उपयोग घरभेटींत कोणीही करताना दिसले नाही.

आता उंचीचा प्रश्न. इथे थोडे इतिहासात जावे लागेल, कारण हा प्रश्न आपल्या गोव्याचाच आहे आणि चारशे वर्षे जुना आहे.

1556 साली गोव्यात छापखाना उतरला. तो खरे तर इथिओपियाला जायचा होता, पण राहिला इथेच. पुढे 1579 मध्ये थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज येशूसंघीय धर्मगुरू गोव्यात आला आणि सासष्टीत राहून इथल्या लोकांची भाषा शिकला. त्याचे 'ख्रिस्तपुराण' 1616 साली रायतूरला छापले गेले. भाषा मराठी, छंद ओवीचा, लिपी मात्र रोमी. ही त्याची आवड नव्हती. 1608 साली त्याने रोमला आपल्या संघाच्या वरिष्ठांना पत्र लिहिले, त्यात इथल्या भाषेची पुस्तके इथल्याच लिपीत छापलेली पाहायची आपली फार वर्षांची इच्छा असल्याचे तो कळवतो. अडचणही सांगतो. युरोपात 24 अक्षरांवर भागते, इथे अक्षर म्हणजे पूर्ण उच्चार, आणि त्यासाठी सहाशेच्या घरात साचे ओतावे लागतील. हे पत्र गोव्याचेच संशोधक अ. का. प्रियोळकर यांनी भारतातल्या मुद्रणकलेवरच्या 1958 च्या ग्रंथात दिले आहे. स्टीफन्स 1619 मध्ये वारला. त्याचे पुराण देवनागरीत छापून आले ते 1956 साली पुण्यात, शांताराम बंडेलू यांच्या संपादनाने. मधे 340 वर्षे गेली.

आज ते सहाशे साचे फोनच्या पोटातच असतात. जोडाक्षरे, रफार, वेलांट्या, सगळे येते. पण ज्या चौकटीत ते बसवायचे ती अजूनही पुष्कळदा 24 अक्षरांच्या हिशेबानेच आखलेली असते. टूलबारची ठरलेली उंची उभ्या फोनवर 56 डीपी आहे. नाव बरोबर मधोमध दिसावे म्हणून अक्षराच्या वर-खाली फोन जी थोडी मोकळी जागा सोडतो, ती कित्येक जण बंद करतात. इंग्रजी शब्दाला त्याने काही होत नाही. देवनागरीत शिरोरेषेच्या वर अनुस्वार आणि रफार असतात, खाली उकार असतात. अक्षर मोठे, जागा बंद आणि उंची ठोकून बसवलेली, असे तिन्ही एकत्र आले की वरचा भाग कापला जातो. आमच्या पट्टीवर 'प्रार्थना' या शब्दाचा रफार जाऊन 'प्राथना' झाले होते. 'शांतीसाठी' यातला टिंब गेला आणि उरले 'शातीसाठी'. शांतीचा टिंब हरवला तर काय राहते, असे म्हणून आमच्यातल्या शिक्षिकाबाई दोन दिवस हसत होत्या. मग त्यांनीच सांगितले की नव्याने वाचायला शिकणारे मूल जे छापलेले असते तेच खरे मानते.

उपाय सोपा आहे, पण तो पट्टीभर सगळीकडे करावा लागतो. उंची 56 अशी ठोकायची नाही. किमान 56 म्हणायचे आणि पुढे मजकुराप्रमाणे वाढू द्यायची. अक्षराभोवतीची ती मोकळी जागा पुन्हा चालू करायची. पट्टी वाढली की खालचा मजकूरही तेवढा खाली सरकतो ना, हे पाहायचे, नाहीतर पहिली ओळ पट्टीखाली दडते.

डावीकडच्या त्या 16 डीपींचे वचन दिले होते. टूलबारमध्ये आपली रचना घातली की डावीकडे एक रिकामी फट दिसते. आपल्या लिखाणात कुठेही 16 हा आकडा नसतो, म्हणून शोधणारा चक्रावतो. ती फट टूलबारच्या स्वतःच्या ठेवणीतली आहे. 'कंटेंट इनसेट स्टार्ट' हे माप शून्य केले की ती जाते. हे काम करणाऱ्या कोणाच्या उपयोगी पडेल म्हणून लिहिले, बाकी त्यात विशेष काही नाही.

तेवढ्यात नवे संकट आले. 31 ऑगस्ट 2025 पासून प्ले स्टोअरवर ॲपची नवी आवृत्ती चढवायची तर ती अँड्रॉइड 15 साठी तयार केलेली असावी लागते. त्या आवृत्तीत ॲपचा पडदा अगदी वरच्या कडेपर्यंत पसरतो. त्यामुळे नव्या फोनवर आमची पट्टी घड्याळ आणि बॅटरीच्या खाली सरकली. बाणाच्या डोक्यावर वेळ दिसू लागली. प्रत्येक फोनची ती वरची जागा वेगळी असते, कुठे कॅमेऱ्याची खाच असते, कुठे नुसते छिद्र. म्हणून अंदाजाने आकडा टाकून भागत नाही. फोनलाच विचारावे लागते की वर किती जागा तुझी आहे, आणि तेवढी सोडून पट्टी सुरू करावी लागते. पट्टीची उंची अजून 56 ला ठोकलेली असती तर ही वरची जागाही त्या 56 मधूनच गेली असती आणि सगळे पुन्हा चेपले असते. आधीचे काम इथे उपयोगी पडले.

तपासणी आम्ही घराघरांत जाऊन केली. पेडण्यात सहा घरे, डिचोलीत पाच. आपले फोन घेऊन नाही, त्यांचेच फोन त्यांच्याच हातात ठेवून. एका काकांच्या फोनची काच कोपऱ्यात, नेमकी लिपीच्या बटणावर तडकलेली होती. ते म्हणाले, "दाबतो मी, चालतं." एका घरी दृष्टी पूर्ण गेलेले भाऊ आहेत, ते पडद्यावर बोट फिरवतात आणि फोन त्यांना वाचून दाखवतो. आमच्या चिन्हांवर त्यांचा फोन फक्त "बटण, बटण, बटण" असे म्हणायचा. यरीहोच्या वाटेवर प्रभूने आंधळ्या बार्तीमयाला आधी विचारले की त्याला काय हवे आहे. आम्हीही विचारले. ते म्हणाले, लिपीचं बटण मला काय करायचंय, मला ऐकायचं असतं, पण कुठलं बटण कशाचं ते तरी कळू दे. प्रत्येक चिन्हाला आता बोलके नाव दिले आहे. लिपीच्या बटणालाही दिले, कारण त्यांच्या पत्नी त्याच फोनवर वाचतात.

आजींकडे नवी आवृत्ती घेऊन गेलो तेव्हा त्यांनी पट्टीकडे बघितलेसुद्धा नाही. बटण दाबले, गायन देवनागरीत आले, आणि त्या दुसऱ्या कडव्यापासून म्हणू लागल्या. पहिले कडवे त्यांना पाठच होते.

अजून थोडे राहिले आहे. फोन आडवा धरला की ठरलेली पट्टी 48 डीपीची होते आणि दुमजली रचना निम्मा पडदा खाते, तिथे काय करावे यावर एकमत झालेले नाही. टॅब्लेटवर तर आम्ही पाहिलेच नाही, आमच्यापैकी कोणाकडे तो नाही. येत्या दोन रविवारी मिस्सानंतर आम्ही कपेलाच्या मागच्या बाकांवर बसणार आहोत. पट्टी विस्कटलेली दिसत असेल तर फोन घेऊन या. येताना अक्षर मोठे असेल तर मोठेच असू द्या, आमच्यासाठी लहान करून आणू नका.